जानेफळहून खाऱ्या पाण्याकडे

समुद्र जानेफळपासून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर लांब. आमच्याकडच्या माणसाला तो दिसतो मुंबईला नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर गिरगावात, नाहीतर शाळेच्या सहलीत गणपतीपुळ्याला. एरवी पाणी म्हणजे विहीर, धरण आणि पावसाळ्यातली पैनगंगा. तरीही खारं पाणी आम्हाला परकं नाही. जानेफळहून मेहकर वीसेक किलोमीटर, तिथून लोणार तेवढंच पुढे. सकाळची पहिली एसटी धरली तर ऊन चढायच्या आत खाऱ्या पाण्याच्या काठावर उभं राहता येतं.

हल्ली फोटो स्टुडिओच्या पडद्यांवर आणि लग्नाआधीच्या फोटोंच्या फ्लेक्सवर एक बेट फार दिसतं. पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट, खाली निळं पाणी. ते ग्रीसचं सँटोरिनी. भूमध्य समुद्राच्या एजियन भागात साधारण 3,600 वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, मधला भाग खचून समुद्रात गेला आणि उरलेल्या कड्यांच्या चंद्रकोरीवर पुढे गावं वसली. अक्रोतिरी नावाचं अख्खं नगर राखेखाली गाडलं गेलं होतं. 1967 मध्ये स्पिरिदोन मारिनातोस यांनी ते खणून काढायला सुरुवात केली. तिथे जाणारा प्रवासी मुख्यतः तीन गोष्टी करतो. कड्यावरून खाली पाहतो, उतरून काळ्या-तांबड्या वाळूच्या किनाऱ्यावर जातो, आणि जुनं नगर बघतो. या तिन्ही गोष्टी मेहकर, लोणार आणि सिंदखेडराजा या पट्ट्यात होतात, फक्त मांडणी उलटी. तिथे पाण्याने वेढलेली जमीन, इथे जमिनीने वेढलेलं पाणी. बेटाचा खरा अर्थ भोवतालाशी फटकून असणं हा असेल, तर लोणार हे पक्कं बेट आहे. कड्याच्या वर सोयाबीन आणि तूर, खाली साबणासारखं पाणी, आणि त्या पाण्यात आसपासच्या कुठल्याही तळ्यात न सापडणारी जीवसृष्टी.

जानेफळ खामगाव-मेहकर रस्त्यावर आहे. उत्तरेकडे खामगाव, कापसाची जुनी पेठ. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा 1870 मध्येच आला, तो कापूस मुंबईच्या बंदरात लवकर पोचावा म्हणून. तिथून पुढे जालन्यापर्यंत रूळ यावेत ही मागणी शंभर वर्षांहून जुनी. तो मार्ग झाला असता तर हे प्रवासवर्णन कदाचित खिडकीजवळच्या रेल्वेच्या बाकावरून लिहिलं असतं. तूर्त एसटी. ऑक्टोबर सरत आला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेलं असतं, तूर फुलावर आलेली असते, आणि बसमध्ये बाजाराच्या पिशव्या, कॉलेजची पोरं आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं असतात. पर्यटक म्हणून निघालेला माणूस त्यांच्यात उगाच संकोचतो. शेजारच्या काकूंनी विचारलंच, “कोणाच्या इथं चाल्ले?” लोणारला नुसतं बघायला, म्हटल्यावर त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, “कमळजामायचं दर्शन घ्या मंग. खाली उतरून घ्या, वरूनच हात जोडू नका.” यापेक्षा नेमका सल्ला मला नंतर कुठल्याही पुस्तकात मिळाला नाही.

मेहकरला बस बदलावी लागते, तेव्हा थोडा वेळ गावाला द्यावा. आज तालुक्याचं ठिकाण असलेलं हे गाव अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं मुख्यालय होतं. पैनगंगेच्या काठी वसलेल्या या गावात शारंगधर बालाजीचं मंदिर आहे. मूर्ती 1888 साली जमिनीत सापडली. काळ्या पाषाणाची, अखंड, अकराएक फूट उंच. बालाजी म्हणायची रीत पडली असली तरी मूर्ती विष्णूची आहे, आणि प्रभावळीतलं काम इतकं बारीक की गर्दी नसताना जायला हवं. गावात गोष्ट अशी सांगतात, की इंग्रज अधिकारी मूर्ती विलायतेला नेणार अशी कुणकुण लागली आणि लोकांनी घाईघाईने तिची प्राणप्रतिष्ठा करून टाकली. पूजेतला देव उचलून नेणं सोपं नव्हतं. खरंखोटं काही असो, इतकी मोठी आणि इतकी धड मूर्ती संग्रहालयाच्या काचेमागे न जाता अजून नैवेद्य घेते आहे, हे तर डोळ्यांसमोर आहे. गावाजवळ कंचनीच्या महालाचे अवशेष आहेत. कंचनी म्हणजे नाचणारी कलावंतीण. लोणारच्या देवळातला दिवा आपल्या माडीवरून दिसावा म्हणून ती मजल्यावर मजला चढवत गेली, अशी दंतकथा. अंतर पाहता दिवा दिसायला ती माडी किती उंच लागली असती, याचा हिशेब करायच्या भानगडीत मी पडलो नाही. पण मेहकरची नजर तेव्हापासून लोणारकडे लागलेली आहे, एवढं त्या गोष्टीतून कळतं.

लोणारला उतरल्यावर बहुतेक लोक रिक्षा करून थेट कड्यावर जातात, चार फोटो काढतात आणि पुढची गाडी पकडतात. असं करू नये. आधी गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहावं, कारण सरोवराविषयी लोकांनी रचलेली गोष्ट तिथल्या दगडात आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली लपून राहायचा आणि वर येऊन छळायचा. विष्णूने कोवळ्या मुलाचं रूप घेतलं, त्याच्या बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. ते बीळ म्हणजे हे सरोवर. भूशास्त्र हाती नसलेल्या माणसांनी एका प्रचंड गोल खड्ड्याचा, खाऱ्या पाण्याचा आणि आघाताचा इतका बरोबर मेळ घातला, याचं मला फार अप्रूप वाटतं. मंदिर साधारण बाराव्या-तेराव्या शतकातलं, तारकाकृती पायावर उभं. बाहेरच्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत शिल्पं आहेत. त्यांतली काही शृंगाराची, म्हणून याला वऱ्हाडचं खजुराहो म्हणायची टूम आहे. ती उपमा मला मंदिरावर अन्याय करणारी वाटते. इथलं खरं धन सभामंडपाच्या छतावर आहे: कृष्ण आणि कंस, नृसिंह आणि हिरण्यकशिपू, दैत्यवधाचे प्रसंग एकाशेजारी एक. आत अंधार इतका, की टॉर्चशिवाय काही दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च चालतो, पण मान दुखेपर्यंत वर बघायची तयारी हवी. गाभाऱ्यात विष्णू दैत्यावर उभा आहे. ही मूर्ती मूळची नव्हे, नागपूरकर भोसल्यांच्या काळात बसवलेली. मे महिन्यात काही दिवस सूर्याची किरणं थेट या मूर्तीवर येतात. किरणोत्सव म्हणून लोक तेव्हा गर्दी करतात.

गावाबाहेर सरोवराच्या वरच्या कडेला धारातीर्थ. गोमुखातून बारमाही पडणारी गोड पाण्याची धार, तिच्याखाली कुंड, भोवती ओवऱ्या आणि देवळं. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलने या भागाची नोंद करताना लोणारला ब्राह्मण विष्णुगया म्हणतात असं लिहिलं आहे, आणि त्याच दमात इथे काच आणि साबण करायला लागणारे क्षार मिळतात, त्यापासून सरकारला चांगलं उत्पन्न होतं, हेही. तीर्थ आणि महसूल एका परिच्छेदात. अधिकाऱ्याची नजर अशी असावी. धारेखाली आजही आंघोळीला झुंबड असते. पितरांचं कर्म करायला आलेली कुटुंबं, मुंडन केलेली पोरं, ओल्या लुगड्यांचे ढीग, आणि हातातला खाऊ हिसकायला टपलेली माकडं. त्या माकडांकडे पाठ करू नये.

इथून पायवाट खाली उतरते. कड्यापासून तळ साधारण दीडशे मीटर खोल. विवराचा व्यास 1.8 किलोमीटरच्या आसपास, पाण्याचा सव्वाएक किलोमीटर. आकडे वाचून काही कळत नाही. उतरायला लागल्यावर कळतं. वरचा वारा पडतो, गावचे भोंगे आणि ट्रॅक्टर ऐकू यायचे थांबतात. उतारावर साग, मग कडुनिंब, सीताफळ, चिंच. त्याखाली बाभळीचा पट्टा, त्यात वेडी बाभूळ नको तितकी माजलेली. बाभूळ संपली की चिखल आणि पाणी. झाडांची ही वलयं विवराला आतून वेढून आहेत, आणि जसजसं खाली जावं तसतसं जमिनीतलं मीठ वाढत गेल्याचं ती झाडंच सांगतात. वाटेत मोर ओरडतो, वानरांची टोळी फांद्या हलवते. चिंकारा आणि घोरपडही इथे आहे. हा सगळा टापू 365 हेक्टरांचं वन्यजीव अभयारण्य आहे, त्यामुळे वन खात्याच्या चौकीत नोंद करून, शुल्क भरूनच खाली जावं. वाटाड्या घ्यावा; वाट चुकेल म्हणून नव्हे, तर झुडपांत दडलेली देवळं एकट्याला दिसत नाहीत म्हणून.

आणि देवळं किती! काठाकाठाने वाघ महादेव, मोर महादेव, रामगया, यज्ञेश्वर, कमळजादेवी. बरीचशी यादवकाळाच्या आसपासची, बरीचशी ढासळलेली. काहींच्या भिंतीतून वडा-पिंपळाची मुळं बाहेर आलेली. एका गाभाऱ्यात शिरलो तर वटवाघळांचा असा झोत अंगावर आला, की वाटाड्याने आधीच बाजूला उभं राहून मला पुढे का जाऊ दिलं होतं ते कळलं. “दरवर्षीचं हाये,” तो म्हणाला. अक्रोतिरीवर आता छप्पर आहे, पुलांवरून चालत बघायची सोय आहे. इथे खांबावरची कोरीव नर्तिका दगडांच्या ढिगात आडवी पडलेली दिसते आणि तिच्या गुडघ्यावर माकड बसलेलं असतं. यातलं कुठलं बरं, हे ठरवताना मन सरळ एका बाजूला जात नाही. पण त्या नर्तिकेला निदान उभं तरी करायला हवं.

आता पाणी. आधी वास येतो. थांबलेल्या, कुजलेल्या, अंड्याच्या जवळपास जाणारा. मग काठावरची पांढरी साय दिसते. उन्हाने पाणी आटून मागे राहिलेला क्षार. पाऊल टाकलं की वरचा थर मोडतो आणि बूट काळ्या गाळात जातो. वाळू नाही, शिंपले नाहीत, लाट तर नाहीच. पाणी हिरवट, स्पायरुलिना जातीच्या शेवाळाने दाट. बोट बुडवून चोळलं तर बुळबुळीत लागतं. “साबनावानी लागते ना भाऊ?” वाटाड्या म्हणतो, आणि शास्त्रही तेच सांगतं: पाण्याचा सामू दहाच्या आसपास, म्हणजे पक्का क्षारधर्मी. कारण सोपं आहे. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी चारी बाजूंनी आत येतं, बाहेर जायला एकही वाट नाही. दगडांतून विरघळून आलेले सोडियमचे क्षार आतच राहतात, उन्हाने पाणी तेवढं उडून जातं. हजारो वर्षं हे असं चाललं की पाण्याला ही चव येते. समुद्राच्या खारटपणात मीठ जास्त. इथल्या पाण्यात मिठाबरोबर सोडाही भरपूर. म्हणून ते जिभेला नुसतं खारट लागत नाही, कडवट लागतं आणि तोंडात घोटाळत राहतं. चाखून बघायचा मोह होतो, पण गावचं सांडपाणी वर्षानुवर्षं आत येत होतं हे आठवलं की बोट पुसून घ्यावंसं वाटतं.

या क्षारावर कित्येक पिढ्या जगल्या. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठावरचे थर खरवडून गोळा करायचे, वाळवायचे, वेगळे करायचे. प्रत्येक थराला नाव होतं: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पपडी, भुस्की. कुठला बांगड्यांच्या काचेला, कुठला साबणाला, कुठला कापड रंगवायला. आजही पापड लाटताना घरोघर पापडखार लागतो. आज दुकानातून येणारी ती पुडी कारखान्यातली असते, पण पापडखाराशिवाय पापड फुलत नाही हे ज्ञान जुनं आहे, आणि लोणारच्या आसपासच्या गावांत जुन्या बायका तो खार सरोवरातून यायचा हे आवर्जून सांगतात. मेहकर-लोणारच्या समृद्धीची चर्चा आता महामार्गाच्या नावाने होते. पूर्वी ती या पांढऱ्या सायीच्या लिलावाने होत असणार.

पाण्याच्या काठावर असताना सासू-सुनेची विहीर बघायला मिळाली तर नशीब समजावं. पाणी ओसरलेलं असलं तरच ती उघडी पडते. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं. यात सासू कोणती आणि सून कोणती, यावर वाटाड्याचं आणि कमळजेच्या देवळाशी भेटलेल्या एका आजींचं चांगलंच जुंपलं. आजींचं म्हणणं, गोड बाजू सासूची. वाटाड्याचं लग्न नुकतंच झालेलं असावं; त्याने फार ताणलं नाही. यामागचं गमक असं, की विवराच्या उतारात अडवलेलं पावसाचं गोडं पाणी झऱ्यांनी खाली येतं आणि काठापाशीच सरोवराच्या खाऱ्या पाण्याला भिडतं. सरोवराच्या अगदी काठाला पिण्याजोगं पाणी सापडतं याचं कारणही तेच.

कमळजेचं देऊळ नेमकं काठावर. नवरात्रात इथे जत्रा भरते, मोठा उतार उतरून बायका नारळ-ओटी घेऊन येतात. गेल्या काही वर्षांत सरोवराचं पाणी वाढत गेलं आणि या देवळाच्या आवारातही शिरलं. पाणी वाढलं म्हणजे चांगलं, असा आमच्या दुष्काळी मनाचा पहिला विचार. इथे तो लागू नाही. गोडं पाणी वाढलं की क्षार पातळ होतो, आणि याच क्षारावर जगणारी सृष्टी धोक्यात येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे या सरोवराच्या जतनाचं प्रकरण वर्षानुवर्षं चालू आहे ते उगाच नाही.

जून 2020 मध्ये, सगळा देश घरात कोंडलेला असताना, हे पाणी गुलाबी झालं होतं. फोटो जगभर गेले. कुणी चमत्कार म्हटलं, कुणी प्रदूषण. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा कारण निघालं मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं, हॅलोआर्किआचं. उन्हाने पाणी आटलं, क्षारता वाढली, आणि गुलाबी रंगद्रव्य करणारे हे जीव बेसुमार वाढले. पाऊस पडल्यावर रंग उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर करारातील पाणथळ जागेचा दर्जा मिळाला; महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वरनंतरची ही दुसरी. हिवाळ्यात गेलं तर त्या दर्जाचं कारण काठावर चालताना दिसतं. लांब गुलाबी पायांचे शेकाटे उथळ पाण्यात उभे असतात, टिबुकल्या बुडी मारतात, चक्रवाकांच्या जोड्या येतात. रोहित पक्ष्यांचीही इथे नोंद आहे, पण ते दिसतीलच या आशेवर प्रवास आखू नये.

हे विवर झालं कसं, याचा वादही ऐकण्याजोगा आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1823 मध्ये या जागेचं वेगळेपण नोंदवलं. त्यानंतर दीर्घकाळ भूशास्त्रज्ञ हे ज्वालामुखीचं तोंड समजत होते, आणि तसं समजण्यात काही चूकही नव्हती. आमचा सगळा दख्खनच लाव्ह्याचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झालेला काळा बेसॉल्ट. त्यात गोल खड्डा दिसला तर ज्वालामुखीच आठवणार. उलगडा झाला तो तळाशी भोकं पाडून नमुने काढल्यावर. स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या कामातून 1973 मध्ये जे निष्कर्ष छापून आले, त्यांत मास्केलिनाइट होतं: प्रचंड दाबाच्या धक्क्याने खनिजाची झालेली काच. असा धक्का ज्वालामुखी देत नाही, आकाशातून आदळणारा पाषाण देतो. बेसॉल्टात झालेलं आणि इतकं शाबूत राहिलेलं आघाती विवर पृथ्वीवर दुसरं नाही. चंद्र आणि मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचा, त्यामुळे तिथले खड्डे समजून घ्यायला संशोधक लोणारला येतात. वयाबद्दल मात्र आकडे जुळत नाहीत. एका पद्धतीने 52 हजार वर्षं, तर अलीकडच्या आर्गॉन पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार. तिथल्या फलकांवर आणि वाटाड्यांच्या तोंडी अजून पहिलाच आकडा आहे.

वर चढून आल्यावर गुडघे बोलायला लागतात. तेव्हा कड्यावर बसावं. सकाळी जो देखावा चार फोटोंत संपला असता, तो आता वेगळा दिसतो: बाभळीचा पट्टा कुठे सुरू होतो, कमळजेचं शिखर कुठे, वटवाघळांचं देऊळ कुठल्या झाडीत, सगळं बोट ठेवून सांगता येतं. कड्यावरून पूर्ण फेरी मारायची तर सहाएक किलोमीटर पडतात. हिवाळ्यात जमतं, मार्चनंतर नाद सोडावा. सरोवराच्या उत्तरेला अंबर तळं नावाचा छोटा खड्डा आहे. त्याच आघातात सुटलेल्या तुकड्याने तो झाला असावा, असं काही भूशास्त्रज्ञ मानतात. त्याच्या जवळ मोठा मारुती, आडवा झोपलेला. असा मारुती मी तरी दुसरीकडे फारसा पाहिला नाही. मूर्तीचा दगड चुंबकीय असल्याचं पुजारी सांगतात आणि होकायंत्र जवळ नेऊन सुई फिरलेली दाखवतात.

मुक्कामाला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवास आहे, गावात साधी लॉजही आहेत. जेवणाचं म्हणाल तर ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मागावा. पंजाबी भाजी मागणाऱ्याला ती मिळते, पण मग तक्रार करू नये. पाण्याच्या बाटल्या खाली नेल्या तर वर आणाव्यात. काठावर प्लास्टिक कमी नाही, आणि ते सगळं काही माकडांनी नेलेलं नाही.

लोणारहून सिंदखेडराजा तासाभराच्या वाटेवर. उत्तरेच्या बाजूला साखरखेर्डा राहतं. 1724 मध्ये तिथे निजाम-उल-मुल्कने मुघलांच्या मुबारिझखानाचा पराभव केला आणि हैदराबादचं राज्य खऱ्या अर्थाने सुरू झालं. सव्वादोनशे वर्षं ज्याने मराठवाड्याचं भवितव्य ठरवलं, त्या राज्याचा पाया या गावाच्या शिवारात पडला. गावात याचा फारसा गाजावाजा नाही.

सिंदखेडराजा लखुजी जाधवरावांचं. 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊंचा जन्म इथल्या राजवाड्यात झाला. नगारखान्याचा भव्य दरवाजा ओलांडून आत गेलं की जन्मस्थानाची जागा आणि खाली थंडगार तळघरं. रंगमहालात रंगपंचमीला लहानग्या शहाजी आणि जिजाऊंनी एकमेकांवर रंग उडवला, ही गोष्ट शाळेत ऐकलेली. इथला मार्गदर्शक ती जागा दाखवून पुन्हा सांगतो आणि आपण पुन्हा ऐकतो. पण सिंदखेडात मन अडकतं ते लखुजींच्या समाधीपाशी. 1629 मध्ये निजामशाहाने दौलताबादला भर दरबारात लखुजींना आणि त्यांच्या मुलांना दग्याने मारलं. ज्यांच्या जोरावर राज्य उभं होतं, त्यांनाच बोलावून. समाधीची वास्तू चौरस, जाड भिंतींची, घुमटाची. एखाद्या सरदाराची समाधी एवढी मोठी असू शकते, हे तिथे उभं राहिल्यावरच पटतं. जवळ मोती तलाव आणि चांदणी तलाव. मोती तलावाच्या बांधात दगडी दालनं काढली आहेत, पाण्याच्या उंचीवर बसून वारा घेता येईल अशी. पुतळा बारवेच्या भिंतींवर कोरलेल्या स्त्रियांच्या मूर्ती आहेत, पण बारवेत उतरताना पायऱ्यांवरच्या शेवाळाकडे लक्ष ठेवावं लागतं. जाधवांनी लढाया केल्या तशीच पाण्याची कामंही केली. दुसरी बाजू पाठ्यपुस्तकात आली नाही एवढंच.

परत जानेफळकडे येताना वाट थोडी वाकडी केली तर एक खरंखुरं बेटही लागतं. मेहकर तालुक्यातल्या कोराडी धरणाच्या पाण्यात, हिवरा आश्रमाजवळ, विवेकानंद स्मारक उभं आहे. कन्याकुमारीच्या धर्तीवर, अर्थात लहान. शुकदास महाराजांनी 1965 मध्ये हिवरा इथे विवेकानंद आश्रम सुरू केला. आश्रमाचा विवेकानंद जन्मोत्सव तिथीप्रमाणे असतो, आणि शेवटच्या दिवशीच्या महाप्रसादाला शेतात पंगती बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढत नेतात, कारण ओळ इतकी लांब की बादली घेऊन चालणारा वाढपी पुरा पडत नाही.

तारखांचं मात्र आधी बघून घ्यावं. 12 जानेवारीला सिंदखेडराजाला लाखोंची गर्दी लोटते, विवेकानंदांची इंग्रजी जयंतीही त्याच दिवशी, आणि हिवऱ्याचा उत्सव त्याच्या मागे-पुढे येतो. त्या आठवड्यात मेहकरच्या स्टँडवर बस मिळायची शाश्वती नसते, लोणारला खोली मिळत नाही, आणि कमळजेच्या वाटेवर शाळांच्या सहली समोरून चढत असतात. ज्यांना जत्रा आवडते त्यांनी तेव्हाच जावं. ज्यांना काठावर शेकाटे बघायचे आहेत त्यांनी डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरावा, रविवार टाळावा, आणि टॉर्च विसरू नये.